पेढे वाटायची घाई

आयुष्यात एकच चूक मी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. पहिल्यांदा मी एकोणीस वर्षांची होते, म्हणून स्वतःला माफ करते. दुसऱ्यांदा अठ्ठावीस वर्षांची होते, नोकरी करणारी, संसार असलेली, आणि तेव्हा मी न्यू जर्सीत होते. त्या चुकीला मात्र काहीही सबब नाही.

शहाऐंशी साल होतं. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने तपासायचे. मला गाडी चालवता येत नव्हती आणि नवऱ्याचं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला, त्यामुळे आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारी एक फिलिपिनो हेडनर्स मला रोज आपल्या गाडीतून न्यायची. पंचेचाळिशीची, ठेंगणी, बिनलग्नाची. तिच्या देशातल्या सगळ्या नर्सेस तिला ‘आते’ म्हणत. आते म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. मीही तेच म्हणू लागले. माझं लर्नर्स परमिट सहा महिने पर्समध्ये नुसतं पडून होतं. ते बाहेर काढायला लावणारीही तीच.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक तरुण नर्स राहायची, चोवीस-पंचवीसची. ती आतेच्याच गावची. तिला अर्ज करायला सांगण्यापासून एअरपोर्टवर घ्यायला जाण्यापर्यंत सगळं आतेनं केलं होतं. थंडीत कोणते बूट घ्यायचे हेसुद्धा आतेनंच ठरवलं. पोरगी दिवसातून पन्नास वेळा ‘आते, आते’ करायची. मला कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही, कारण माझी इथे कोणी थोरली बहीण नव्हती.

फेब्रुवारीत टीव्हीवर मनिला दिसू लागली. रणगाड्यांसमोर माणसं गुडघे टेकून बसली होती, जपमाळा हातात घेऊन. चार दिवस मी धड स्वयंपाक केला नाही. उभ्यानं खायचे, टीव्हीसमोरून बाथरूमला आणि बाथरूममधून परत टीव्हीसमोर. नवरा म्हणाला, “अगं, बस ना जरा यार, तुझं कोण आहे तिथं?” माझं कोणी नव्हतं. पण सत्त्याहत्तर साली नागपूरला मी हेच पाहिलं होतं. निवडणूक झाली, सरकार पडलं, आणीबाणी उठली, आणि कॉलेजातल्या आम्ही मुलींनी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना पेढे वाटले होते. म्हातारा हुकूमशहा विमानात बसून पळाला तेव्हा मी सोफ्यावरून टुणकन उडी मारली.

शनिवारी नवऱ्याला आयसेलिनला न्यायला लावलं. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली मोजकीच दुकानं होती. तिथून दोन बॉक्स पेढे घेतले. सोमवारी ब्रेकरूममध्ये फिलिपिनो नर्सेस जमल्या होत्या, एकदोघींनी आंदोलनाच्या पिवळ्या फिती लावल्या होत्या. मी एकेकीच्या हातावर पेढा ठेवत गेले. आमच्याकडे चांगली बातमी आली की असंच करतात, असं सांगत होते आणि सत्त्याहत्तरची गोष्टही तिखटमीठ लावून सांगत होते. वरच्या मजल्यावरची पोरगी तर रडलीच. आते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिच्या हातावर ठेवला. तिनं तो सगळा खाल्ला.

“फार गोड आहे,” ती म्हणाली.

“मग अजून एक घे!” मी म्हटलं, आणि दिला. तिनं तोही खाल्ला.

पुढचा महिनाभर ब्रेकरूमचा आखाडा झाला होता. अमेरिकन मंडळींना त्या सगळ्या क्रांतीतून फक्त पळालेल्या हुकूमशहाच्या बाईसाहेबांचे हजारो जोडे दिसले. ती चेष्टा ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. फिलिपिनो मुली मात्र नव्या मंत्र्यांच्या याद्या वाचायच्या. काल तुरुंगात होता तो आज मंत्री, आणि काल लोकांना तुरुंगात घालणारा तोही मंत्रीच, दोघं एकाच टेबलाला. राजकीय कैदी सोडले तेव्हा एकीनं टाळ्या वाजवल्या, दुसरीनं छातीवर क्रूस काढला. जुनी राज्यघटना बाजूला ठेवली तेव्हा तिसरी म्हणाली, हुकूमशहा घालवला आणि पुन्हा हुकमावरच राज्य? मग तिला चौघींनी घेरलं. मी मध्येमध्ये तोंड घालायचे. आम्ही हे सगळं आधी पाहून बसलोय, अशा थाटात. विचारलं कुणी नव्हतं.

मग नवीन सरकारनं गावोगावच्या मेयरना घरी बसवायला सुरुवात केली आणि त्यांच्या जागी आपली माणसं नेमली. कुणी म्हणे, चोर गेले. कुणी म्हणे, आम्ही निवडून दिले होते, यांना काढणारे हे कोण? मी चोर गेले म्हणणाऱ्यांच्या बाजूनं होते. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या पोरीच्या तोंडचं ‘आते’ बंद झालं. कॉरिडॉरमध्ये दोघी समोरासमोर आल्या तर पोरगी भिंतीवरच्या नोटिसा वाचायची.

आतेनं मला गाडीत सांगितलं, सिग्नलला थांबलेलो असताना. “माझे वडील वीस वर्षं आमच्या गावचे मेयर आहेत. होते. त्यांच्या जागी तिच्या वडिलांना नेमलंय.”

हिरवा दिवा लागला, मागच्यानं हॉर्न दिला, ती निघाली. मला ते दोन पेढे आठवले. अजून एक घे म्हणालेला माझा आवाज आठवला. गाडीचं दार उघडून उडी मारावी असं वाटलं.

पुढचं कळलं ते तुकड्यातुकड्यानं. पोरीचे वडील शाळामास्तर. लष्करी कायद्याच्या दिवसांत तीन वर्षं तुरुंगात होते. आता ते हातात नेमणुकीचा कागद घेऊन टाउनहॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते, बरोबर त्यांची माणसं. आतेचे सत्तरीचे वडील आतून कडी लावून बसले होते, खाट टाकून, बरोबर त्यांची माणसं. आतही कोयते होते, बाहेरही होते. एक दिवस झाला, तीन झाले, आठवडा झाला.

आणि गावातला एकुलता एक फोन टाउनहॉलमध्ये, मेयरच्या टेबलावर. आतापर्यंत पोरगी घरच्यांशी बोलायची ती त्याच फोनवरून. आते फोन लावायची, वडील माणूस पाठवून मास्तरांना बोलावून घ्यायचे, नाराजीनं का होईना. आता आतेला रोज वडिलांचा आवाज ऐकू यायचा आणि पोरीला काहीच नाही. शेवटी तिनं मला लॅबच्या दारात गाठलं.

“तू तिच्या गाडीत असतेस. एवढं विचार, माझे बाबा ठीक आहेत का. माझं नाव नको घेऊस.”

मी विचारलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. आते रस्त्याकडे बघत म्हणाली, “पायऱ्यांवरच आहे. खोकतो. खोकला आत ऐकू येतो.” मी तेवढंच वर जाऊन सांगायचे. सकाळी खालून वर, संध्याकाळी वरून खाली. दोन्ही घरं माझ्यावर विश्वास टाकत होती आणि मला कुठेच बसवत नव्हतं. लॅबमध्ये एकाच नळीवर दोनदा लेबल लावलं. घरी पोळ्या करपवल्या. नवऱ्यावर विनाकारण खेकसले. माझं डोकं पोरीच्या बाजूचं होतं, आणि जीव आतेत अडकलेला.

एके सकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. “पण आते, त्या मास्तरांनी काहीही न करता तीन वर्षं तुरुंगात काढली. हे तर खरं ना?”

“खरं आहे.”

“मग त्यांना धरलं तेव्हा तुझ्या वडिलांनी काय केलं?”

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. “वरून यादी आली होती. त्यांनी फक्त सही केली.” मग ती उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडलं. “तू चालव. मला आज जमणार नाही.”

त्या रस्त्यावर मी आधी कधी चालवली नव्हती. बाजूनं ट्रक गेला की मी श्वास रोखायचे. ती बाजूला बसून शांतपणे सांगत होती, आरसा बघ, ब्रेकवर पाय ठेव. आणि त्याच आवाजात, मध्येच, तिनं विचारलं, “तू ती पेढ्यांची गोष्ट सांगतेस ना नेहमी, त्यात तुझी कॉलेजची सगळी माणसं असतात. वडील कधीच नसतात. ते कुठे होते त्या दिवशी?”

मी स्टॉपच्या पाटीवरून तशीच पुढे गेले.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते, नागपूरपासून तासाभरावर. आणीबाणीत मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायचा आकडा ठरवून दिला होता. आकडा भरला नाही तर पगार थांबायचा. बाबांनी आकडा भरला. शेवटची एक केस कमी पडत होती, तेव्हा त्यांनी शाळेच्या शिपायाला पाठवलं. तो आमच्याच वस्तीतला, दोन मुलींचा बाप, बाबांना दादा म्हणणारा. तो नाही म्हणत होता. बाबा म्हणाले, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. हे मला आईकडून कळलं होतं आणि मी ते मनाच्या तळाशी टाकून दिलं होतं. सरकार पडलं त्या संध्याकाळी मी नाचतच घरी गेले आणि उरलेला पेढा बाबांसमोर धरला. त्यांनी तो घेतला, तोंडात टाकला नाही, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. मला राग आला. त्यांना आनंद झाला नाही म्हणून राग आला! पुढे त्यांची चौकशी झाली, लांब बदली झाली, आणि आम्ही त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. नऊ वर्षं.

रविवारी चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम होता. आम्ही इथली पंधरावीस घरं एका शाळेचा हॉल घेऊन ती करायचो आणि पेढे आणायचं काम माझ्याकडे असायचं. निघण्याआधी मी नागपूरला फोन लावला. आमच्या शेजारी डॉक्टरकाका राहतात, त्यांच्याकडे फोन. त्यांनी बाबांना बोलावून आणलं. तब्येत, हवापाणी, जावई कसे आहेत, सगळं झालं. मग मी विचारलं.

“बाबा, सरकार पडलं त्या दिवशी मी तुम्हाला पेढा दिला होता. त्याचं काय केलं तुम्ही?”

मला वाटलं लाइन तुटली.

“दुसऱ्या दिवशी शाळेत नेला,” बाबा म्हणाले. “शिपायाच्या हातावर ठेवला. म्हटलं, हा तुझा आहे. दुसरं काही बोलता नाही आलं मला.”

“मग? त्यानं खाल्ला?”

“घेतला त्यानं. खाल्ला का ते नाही पाहिलं. पाठ फिरवली मी. हिंमत नव्हती ना, पोरी.”

मी हॉलवर गेले, खुर्च्या मांडल्या, पेढे वाटले, पोरांची भाषणं ऐकली. इथं जन्मलेली पोरं, इंग्रजीत बोलतात, पण बोलतात छान. माझं अर्धं लक्ष नव्हतं. परत येताना एक बॉक्स उरला होता, तो आतेच्या दारात जाऊन तिच्या हातात दिला आणि वर निघून आले. का दिला तेव्हा सांगता आलं नसतं. पुन्हा मूर्खपणा केला असं रात्रभर वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी तिनं न विचारता किल्ली माझ्याकडे टाकली. गाडी चालवता चालवता मी तिला सगळं सांगितलं. शिपाई, आकडा, रुमाल. समोर बघत सांगायचं होतं म्हणून सांगता आलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी गाडी दोन खुणांच्या बरोबर मध्ये लावली, पहिल्यांदाच, ते तिनं पाहिलंही नाही.

“तुला माहितीये मी त्या पोरीला इथं का आणलं?” तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती दार लावून निघून गेली.

संध्याकाळी सातला तिनं मला खाली बोलावलं. तिकडे तेव्हा सकाळ झालेली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन तिच्या कानाला होता आणि दुसऱ्या हातानं ती टेबलावरचं एकच भांडं पुन्हापुन्हा पुसत होती. ती त्यांच्या भाषेत बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. आधी समजूत काढणारा, मग चढलेला, मग लहान मुलीसारखा रडवेला. मी उगाच खिडकीपाशी जायचे, परत यायचे. मध्येच तिचं भांडं पुसणं थांबलं.

“काय झालं?”

तिनं फोनच्या तोंडावर हात ठेवला. “ते म्हणतात, बाहेरच्याचा खोकला आज सकाळपासून ऐकू येत नाही. मला विचारतात, त्याला काही झालं असेल का? मी सांगितलं, इथून मला काय दिसणार? कडी काढा आणि बघा.”

“मग?”

“रिसीव्हर टेबलावर ठेवून उठलेत.”

मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. दोघींच्या कानांच्या मध्ये तो फोन. आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बरेच पुरुष एकदम बोलायला लागले, कुणीतरी त्यांना थांबवत होतं. मग काहीतरी जड ओढलं गेलं. आतेनं माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली होती. मला कोयते दिसत होते. मी आयुष्यात कधी देवाचं नाव घेतलेलं नाही आणि तेव्हाही घेतलं नाही, पण डोळे मिटले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुणीतरी जोरात खोकलं, अगदी फोनजवळ.

आतेनं मान वर केली. “जा. तिला बोलाव. पळ!”

मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. पोरगी केस धूत होती. तशीच आली, डोक्याला टॉवेल, पायात घरातल्या चपला, दारातच थबकली. आतेनं रिसीव्हर पुढे केला. तिनं तो घेतला आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर मटकन जमिनीवर बसली. वायर ताणली गेली. ती बोलत कमी होती, नुसती मान हलवत होती, जणू वडिलांना दिसतंय. आते सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिच्या वडिलांनी कडी काढून मास्तरांना आत घेतलं होतं आणि किल्ल्या दिल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. कुणी हार घातला नाही, कुणी दगडही मारला नाही. म्हातारा आपली खाट घेऊन घरी गेला होता.

फोनवरचं बोलणं संपलं. पोरगी उठून उभी राहिली, टॉवेल सारखा करू लागली, जायला निघाली. तेव्हा आतेनं फ्रिज उघडला आणि माझा बॉक्स बाहेर काढला. वरची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. ती सोडायला तिला वेळ लागला. मग तिनं एक पेढा पोरीच्या हातावर ठेवला. आणि लगेच सिंककडे वळायला लागली.

मी तिचा दंड धरला. वळू दिलं नाही. माझ्या बाबांनी पाठ फिरवली होती आणि नऊ वर्षं त्यांना माहीत नव्हतं. हिनं बघायला हवं होतं, जे असेल ते.

पोरगी हातावरच्या पेढ्याकडे बघत राहिली. मग तिनं तो अख्खा तोंडात टाकला. फ्रिजमधला होता, घट्ट झालेला, आणि ती रडत होती, त्यामुळे तिला तो गिळवेना. गाल फुगलेले, डोळे वाहताहेत, दोन्ही हात हवेत.

“आते,” ती कशीबशी म्हणाली, “पाणी दे ना.”